उरल्या वेळेतले आकाश

ठाण्याजवळच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षे काढली, तेथे कँटीनच्या दाराशी एक सूचनाफलक होता. बोनसची बोलणी, पतपेढीची वार्षिक सभा, गणेशोत्सवाची वर्गणी, कोणाची तरी हरवलेली छत्री अशा मजकुराची त्यावर दाटी असे. १९८२ सालच्या पावसाळ्यात एके दिवशी त्या दाटीत एक चतकोर कागद दिसला. ‘हौशी रेडिओ मंडळ. दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी साडेपाच. भांडारामागील खोली. सर्वांस मुक्त प्रवेश.’ माझी पाळी साडेपाचला सुटे आणि लोकल सहा वाजून दहा मिनिटांनी असे. बाहेर पाऊस कोसळत होता. चहा मिळेल या आशेने मी त्या खोलीत शिरलो, आणि तो चहा मला आजवर पुरला आहे.

खोलीत एक लांब टेबल, त्यावर लष्कराने मोडीत काढलेला एक अवजड रेडिओ, लॅमिंग्टन रोडवरून वेचून आणलेल्या सुट्या भागांचे डबे, आणि भोवती पाच-सहा माणसे. त्यांत विद्युत विभागाचे प्रमुख होते, हिशेब खात्यातले एक कारकून होते, आणि यंत्रशाळेतला एक फिटरही होता. दिवसभर जो फिटर प्रमुखांपुढे अदबीने उभा राही, तोच येथे त्यांना मोर्सची टिंबे आणि रेघा शिकवीत होता. आणि प्रमुखसाहेब चुकत होते. मला त्या दृश्याचीच प्रथम भुरळ पडली. रेडिओची नंतर पडली.

आमच्याकडे म्हणतात की जत्रेला तीन प्रकारची माणसे जमतात : हौशे, नवशे आणि गवशे. बिनतारी संदेशाच्या जत्रेतही तसेच आहे. कोणी पोटासाठी येतो, कोणी व्यापारासाठी, कोणी राज्य चालविण्यासाठी. त्यांतला जो केवळ हौशा, ज्याला या विद्येतून एक पैही मिळवण्याची मुभा नाही, तो हौशी रेडिओवाला; जगभर त्याला ‘हॅम’ म्हणतात. त्याने सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचे असे एक सांकेतिक नाव मिळवायचे, आणि मग नेमून दिलेल्या लहरींवर जगातल्या आपल्यासारख्या दुसऱ्या हौशाला हाक मारायची. त्या काळी आपल्याकडे दुसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी मोर्स लिपीत मिनिटाला पाच शब्द, आणि पहिल्या श्रेणीसाठी बारा शब्द यावे लागत. मी लोकलच्या दांडीला लटकून बोटाने पाच शब्द वाजवीत असे. शेजारचे प्रवासी माझ्याकडे करुणेने पाहत.

परवाना आला. घराच्या गच्चीवर, वाळवणाच्या दोऱ्यांच्या वर, एक तार ताणली गेली. एका रात्री जपानमधल्या कोणा गृहस्थाला मी आमच्या गावच्या पावसाची हकीकत कळवली, तेव्हा आमची सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “जपानच्या माणसाला पाऊस सांगता, आणि गच्चीवरचे पापड कोणी आत घ्यायचे?” कारखान्यातल्या एका वरिष्ठांनी तोच प्रश्न जरा कोरडेपणाने विचारला. “अहो, टेलिफोन आहे, टपाल आहे. मग याचा उपयोग काय?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचता वाचता, ऐकता ऐकता जे हाती लागले, ते आज या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

हौशांच्या वाट्याला पहिल्यापासून जे आले ते उरलेसुरले. १९१२ साली अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला. तोवर हौशी मंडळी वाटेल त्या लहरीवर बोलत, आणि जहाजांच्या व आरमाराच्या संदेशांत त्यांची लुडबुड होई. कायद्याने त्यांना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर धाडले. लांब पल्ल्यासाठी लांब लहर हवी, असा त्या काळच्या जाणत्यांचा समज होता. तेव्हा ही आखूड लहरींची जमीन म्हणजे गावाबाहेरचे माळरान. त्यात काही पिकणार नाही, म्हणूनच ती हौशांना मिळाली. परंतु हौशाला पिकाची घाई नसते. तो माळरानावर खणत बसला. १९२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या फ्रेड श्नेल या हौशाने फ्रान्समधल्या नीस शहरच्या लेआँ देलॉय या हौशाशी अटलांटिक महासागरापलीकडे दुहेरी संभाषण केले. लहरीची लांबी होती शंभर मीटरच्या आसपास. ज्या लहरी टाकाऊ म्हणून दिल्या होत्या, त्याच आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटून परत येतात आणि थोड्या शक्तीत जगाला वळसा घालतात, हे पुढे सर्वांना कळून चुकले. मग मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे त्या माळरानाकडे धावली, आणि हौशांच्या वाट्याला पुन्हा काही पट्टेच उरले!

हौशांची ही परंपरा नोकरीच्या जागी कशी रुजली, त्याचा इतिहास मला अधिक गोड वाटतो. कारण तेथे उरलेली वस्तू लहर नसून वेळ होती. काम सुटल्यानंतरचा आणि घर गाठण्यापूर्वीचा तो तास. साहेबाचाही नाही आणि संसाराचाही नाही.

१९५७ साली रशियाने स्पुट्निक सोडला आणि त्याची ‘बीप बीप’ जगातल्या हौशांनी आपल्या घरच्या यंत्रांवर ऐकली. ऐकणाऱ्याला बोलावेसे वाटणारच. १९५९ साली डॉन स्टोनर नावाच्या अमेरिकन हौशाने एका रेडिओ मासिकात हौशांच्या स्वतःच्या उपग्रहाची कल्पना मांडली, आणि कोणापाशी एखादा जादा अग्निबाण पडून आहे काय, अशी अर्धी थट्टेची विचारणाही केली. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी, तशीच ती विचारणा होती. पण थट्टा योग्य अंगणात पडली. कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या परिसरात तेव्हा विमाने आणि अग्निबाण बांधणारे मोठे कारखाने होते. तेथे दिवसा नोकरी करणारे आणि रात्री हॅम असणारे अनेक जण होते. त्यांनी एकत्र येऊन ‘ऑस्कर’ नावाचा प्रकल्प उभा केला. काम सुटल्यावर गॅरेजमध्ये आणि तळघरात बसून त्यांनी साडेचार किलो वजनाची एक पेटी बांधली.

ती वर न्यायची कशी? अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात तोल साधण्यासाठी निव्वळ वजन ठेवावे लागते. बैलगाडी उलार होऊ नये म्हणून आपण मागे धोंडा टाकतो, तसेच ते. त्या धोंड्याच्या जागी आमची पेटी ठेवा, तोलही राहील आणि कामही होईल, असे या मंडळींचे म्हणणे. आणि अमेरिकेच्या हवाई दलाने ते मान्य केले. अवकाशात पेटीला मुख्य यानापासून दूर ढकलण्यासाठी एक स्प्रिंग हवी होती. ती सिअर्सच्या दुकानातून, सव्वा डॉलरहूनही कमी किमतीत विकत आणली होती!

१२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून ‘ऑस्कर-१’ वर गेला. बरोबर साठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला, १२ डिसेंबर १९०१ रोजी, मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेली तीन टिंबे ऐकल्याचे सांगितले होते. ऑस्करने सहा टिंबे पाठवली : आधी चार, मग दोन. मोर्स लिपीत त्याचा अर्थ होतो ‘हाय’. तारायंत्राच्या भाषेत ही दोन अक्षरे हसण्यासाठीही वापरतात. म्हणजे माणसाने सोडलेली ती पेटी दीड तासात पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालीत नुसती हसत होती, असेही म्हणता येईल. पण त्या हसण्यात शास्त्रही होते. पेटीतल्या तापमानाप्रमाणे टिंबांचा वेग बदले. तेव्हा जो कोणी घड्याळ लावून टिंबे मोजी, त्याला वरची उष्णता कळे. बावीस दिवस हा आवाज चालला. अठ्ठावीस देशांतल्या ५७० हून अधिक हौशांनी आपापली निरीक्षणे लिहून पाठवली. ३१ जानेवारी १९६२ रोजी ऑस्कर वातावरणात शिरून जळून गेला.

या कथेला एक दुसरी बाजू आहे, ती पुष्कळ वर्षे कोणालाच ठाऊक नव्हती. ऑस्कर ज्या मुख्य उपग्रहाच्या पाठीशी बसून गेला, त्याचे नाव ‘डिस्कव्हरर-३६’. जगाला सांगितले होते की ही शास्त्रीय प्रयोगांची मालिका आहे. वास्तविक त्यात हेरगिरीचा कॅमेरा होता, आणि त्याचे रीळ हवाई छत्रीने पृथ्वीवर परत येई. ‘कोरोना’ नावाची ही गुप्त योजना १९९५ साली उघड करण्यात आली. म्हणजे त्या दिवशी एकाच अग्निबाणावर दोन प्रवासी होते. एकाला काहीही न बोलता सारे पाहायचे होते. दुसऱ्याला काहीही न पाहता सर्वांना ‘हाय’ म्हणायचे होते. पहिल्यावर किती खर्च झाला असेल तो असो. दुसऱ्यावर मुख्यतः काही माणसांच्या संध्याकाळी खर्च झाल्या होत्या.

पुढचे ऑस्कर आले. १९६५ च्या मार्चमधल्या तिसऱ्या ऑस्करमार्फत तर पृथ्वीवरचे दोन हौशी एकमेकांशी बोलू शकत. आलेला संदेश तो दुसऱ्या लहरीवर परत खाली पाठवी. १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये ‘अ‍ॅमसॅट’ ही संस्था निघाली, आणि मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला पाचवा ऑस्कर तिने १९७० च्या जानेवारीत वर पाठवण्याची व्यवस्था केली.

अमेरिकेच्या अवकाश संस्थेतही, म्हणजे नासातही, ठिकठिकाणी नोकरांची रेडिओ मंडळे होती. मेरीलँड राज्यातल्या गॉडर्ड केंद्राच्या मंडळाने एक मोठे सेवेचे काम केले. अंतराळयानातले यात्री आणि जमिनीवरचे नियंत्रक यांच्यातला संवाद ही मंडळी आखूड लहरींवर पुन्हा प्रक्षेपित करीत. त्यामुळे घरोघरी खास यंत्रणा नसलेल्या लोकांनाही तो ऐकता येई. ज्या केंद्रात दिवसा नोकरी, त्याच केंद्राचे कान संध्याकाळी गावाला उघडून देण्याचा हा प्रकार होता.

ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातल्या मंडळाची गोष्ट तर माझ्या स्वतःच्या आठवणीतली. ओवेन गॅरिएट नावाचे अंतराळवीर लहानपणी ओक्लाहोमा राज्यात आपल्या वडिलांबरोबर परीक्षा देऊन हॅम झालेले. १९७३ साली ते स्कायलॅबवर गेले, तेव्हा सोबत हौशी रेडिओ नेण्याचा विचार पुढे सरकला नव्हता. दहा वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९८३ रोजी, ते कोलंबिया यानातून पुन्हा निघाले. या वेळी परवानगी मिळाली; पण एका अटीवर. रेडिओ वापरायचा तो फक्त त्यांच्या मोकळ्या वेळात! केंद्रातल्या मंडळाच्या सभासदांनी हातात मावणाऱ्या यंत्राची आणि खिडकीत बसवायच्या एरियलची तयारी केली. ते एरियल केक भाजण्याच्या पसरट भांड्यासारखे दिसे, असे म्हणतात. आपल्याकडे कोणी पाहिले असते तर ढोकळ्याची थाळी म्हटले असते.

कोलंबियातले सहाही प्रवासी दोन पाळ्यांत काम करीत होते. पाळी सुटली की गॅरिएट खिडकीपाशी जात, थाळी लावीत आणि खालच्या जगाला हाक मारीत. पहिले उत्तर मोंटाना राज्यातल्या फ्रेंचटाउन या छोट्या गावातून आले. नंतर जॉर्डनचे राजे हुसेन बोलले. तेही हॅम होते, आणि त्यांचे सांकेतिक नाव ‘जेवाय १’. अंतराळातून एका हौशाने हौशांशी बोलण्याची ही पहिली वेळ. त्यात किराणा दुकानदार असोत की राजे असोत, प्रत्येकाला तीच काही मिनिटे, कारण यान क्षितिजापलीकडे कोणासाठीही थांबत नाही.

ही बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला परवाना मिळून काही महिनेच झाले होते. मंगळवारी आमच्या खोलीत तो अंक टेबलावर पसरला होता. फिटरने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, “म्हणजे त्यांनासुद्धा पाळी सुटल्यावरच!” आम्ही सगळे हसलो. पण त्या हसण्यात थोडा अभिमान होता. आमच्यात आणि त्यांच्यात ज्ञानाचे, पैशाचे, देशाचे केवढे अंतर. तरी ती संध्याकाळची वेळ मात्र आमची आणि त्यांची एकच निघाली.

गॅरिएटनंतर ही रीत रूढच झाली. यानांतून शाळांतल्या मुलांशी रेडिओवरून बोलण्याचे उपक्रम सुरू झाले. आपल्या कल्पना चावला यांचाही हौशी परवाना होता. २००३ साली त्याच कोलंबियाने त्यांना आणि त्यांच्या सहा सोबत्यांना आपल्याबरोबर नेले. २००० च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पहिले रहिवासी पोहोचले, आणि त्या आरंभापासून तेथे हौशी रेडिओची सोय आहे. गॅरिएट यांचे चिरंजीव रिचर्ड २००८ साली त्या स्थानकावर गेले आणि तेही तेथून हौशांशी बोलले. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांची ही हौस.

भारतातही असे एक मंडळ आहे. बंगळूरला जेथे आपले उपग्रह बांधले जातात, त्या केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचे ‘उपग्रह अमॅच्युअर रेडिओ क्लब’ हे मंडळ. सांकेतिक नाव ‘व्हीयू २ यूआरसी’. दिवसभर राष्ट्रासाठी उपग्रह बांधणाऱ्यांनी संध्याकाळी हौसेसाठी उपग्रहांना हाका मारायच्या! अशा वातावरणात हौशांसाठी एखादा भारतीय उपग्रह असावा, हे स्वप्न पडणे स्वाभाविक होते. ‘अ‍ॅमसॅट इंडिया’ आणि इस्रो यांच्या सहकार्याने ते प्रत्यक्षात उतरले. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून, तेथल्या दुसऱ्या प्रक्षेपणतळाचा शुभारंभ करीत, पीएसएलव्ही-सी ६ हा अग्निबाण निघाला. त्यातला मोठा प्रवासी होता दीड टनाहून अधिक वजनाचा ‘कार्टोसॅट-१’. त्याच्या सोबतीला ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’. त्यात संदेश घेऊन परत पाठवणारी दोन यंत्रे होती. एक आपल्या बनावटीचे. दुसरे एका डच हौशी तरुणाने बांधलेले.

तो उपग्रह माथ्यावरून जाई तेव्हा मी गच्चीवर असे. हातात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे घरगुती एरियल धरून, उत्तरेकडून दक्षिणेकडे आकाशात ते फिरवायचे. शेजारच्या मुलांना वाटे की आजोबा पतंग उडवतात, फक्त पतंग दिसत नाही. मध्य आशियातला कोणी, केरळातला कोणी, आणि मधोमध मी; दहा-बारा मिनिटांची भेट. नऊ वर्षे हॅमसॅटने हे काम केले. २०१४ च्या जुलैमध्ये त्याची बॅटरी निकामी झाली आणि तो मुका झाला.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. ४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकातून हौशी रेडिओवर आले, आणि बंगळूरच्या त्याच केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. ती मुले आता कॉलेजात, नोकरीत जातील. त्यांच्यापैकी कोणाला तरी एखाद्या संध्याकाळी नोकरीच्या जागी एक चतकोर कागद दिसेल, अशी माझी आशा आहे.

वरिष्ठांच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोपांची ने-आण केली. २००४ च्या सुनामीत अंदमानातही केली. टेलिफोन असतो तोवर असतो. हा एक उपयोग. दुसरा उपयोग ऑस्करच्या पेटीने दाखवला : संस्थेला जे धोंड्याइतकेच मोलाचे वाटते, त्यातून हौशी माणूस उपग्रह काढतो, आणि पुढे त्याच वाटेने शिकलेली माणसे संस्थेलाही हवी असतात. पण तिसरा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो मला फार उशिरा कळला.

आमचा कारखाना पुढे बंद पडला. ठाण्याच्या पट्ट्यात तेव्हा अनेकांचे तेच झाले. शेवटच्या दिवशी भांडारामागच्या खोलीला कुलूप लागले. छपरावरचा एरियलचा खांब भंगारात गेला. हिशेब मिळाला, हुद्दे गेले, ओळखपत्रे परत घेतली. प्रमुखसाहेब प्रमुख राहिले नाहीत, आणि फिटर फिटर राहिला नाही. परंतु त्या खोलीत मिळालेली सांकेतिक नावे कोणी परत मागितली नाहीत. ती आमच्याकडेच राहिली.

फिटर आता कोकणात आपल्या गावी असतो. दर शुक्रवारी साडेपाचला, ज्या वेळी पाळी सुटत असे त्या वेळी, तो चाळीस मीटरच्या पट्ट्यावर येतो. त्याचा हात अजून माझ्यापेक्षा जलद आहे, आणि माझी चूक तो अजून थांबवून दुरुस्त करतो. परवा त्याने सुपारीचे पीक, गुडघेदुखी आणि नातीचे बारसे एवढी वार्ता दिली. मी म्हटले, आमच्याकडे पाऊस आहे. त्याने चार टिंबे आणि दोन टिंबे वाजवली. खालून सौभाग्यवतीचा आवाज आला, “पापड!” मी यंत्र बंद केले आणि गच्चीकडे धावलो.